फोर्ट वर्थ स्टॉकयार्ड्स : आईबाबांना न्यावं का?

कृष्णाकाठची
मंडळी, एक सल्ला हवा आहे. आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत, डॅलसच्या उत्तरेला आमच्याकडे. बाबा वाळवा तालुक्यातले शेतकरी. आयुष्यभर खिल्लार बैल पाळले, खरसुंडीच्या जत्रेत बैल नेले आणि आणले. इथे आल्यापासून त्यांना मॉल दाखवले, उंच इमारती दाखवल्या, तळी दाखवली. "बरं हाय" म्हणतात आणि गप्प बसतात. चार वाजता बाल्कनीत उभे राहून समोरच्या रिकाम्या कुरणाकडे बघत असतात. मला बघवत नाही.

नवरा म्हणतो फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्सला नेऊ, काउबॉय आणि गुरांच्या बाजाराची जुनी पेठ आहे. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात सगळी दुकानदारी आहे, टोप्या आणि बूट. दहा मिनिटं गुरं रस्त्यावरून चालवतात आणि झालं. कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलंय का? आईचे गुडघे दुखतात आणि दोघंही माळकरी आहेत, तेव्हा खाण्याचंही सांगा.

अभय_९
आम्ही गेलो होतो. साडेअकराची गुरं बघितली, मुलांनी मेंढरांना चारा घातला, दोन तासांत बाहेर. पार्किंगला मात्र बरेच पैसे पडले.

शमीवृक्ष
कृष्णाकाठची, न्याच. मी फोर्ट वर्थमध्ये अकरा वर्षं राहिलो आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेलं. फक्त दोन तासांत उरकू नका.

आधी हे गाव तिथे का वसलं ते बाबांना सांगा, म्हणजे बघायला अर्थ येईल. १८४९ मध्ये ट्रिनिटी नदीकाठी लष्कराची एक चौकी बसली, तेच हे फोर्ट वर्थ. यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्ससात मोकाट गुरं बेसुमार झालेली आणि गिऱ्हाईक नव्हतं. इथे चार डॉलरला जाणारा बैल उत्तरेकडे चाळीसच्या घरात विकला जाई. रेल्वे होती ती दूर कॅन्सासमध्ये. तेव्हा गुरं चालवत न्यायची. १८६७ पासून ॲबिलीनच्या स्टेशनापर्यंत जी वाट पडली ती चिझम ट्रेल, आणि तिच्यावर फोर्ट वर्थ हा शेवटचा मोठा मुक्काम. पीठ, कॉफी, दारूगोळा इथे भरून घ्यायचा आणि रेड नदी ओलांडून आदिवासींच्या प्रदेशात शिरायचं. १८७६ ला रेल्वेच गावात आली. मग गुरं इथे गोळा होऊन डब्यांत भरली जाऊ लागली, कोंडवाडे उभे राहिले, आणि १९०२-०३ च्या सुमारास आर्मर आणि स्विफ्ट या दोन बड्या मांस कंपन्यांनी कोंडवाड्यांना लागूनच कारखाने काढले. १९४४ साली एका वर्षात इथून ५२ लाखांहून जास्त जनावरं गेली. गाय, डुक्कर, मेंढी, घोडा, खेचर सगळी धरून.

आता जायचं कसं. साडेअकरा आणि चार अशी दोनदा गुरं निघतात, हवा फार वाईट असेल तर नाही. अकरालाच लाइव्हस्टॉक एक्स्चेंज इमारतीसमोरच्या (गुरांच्या बाजाराची जुनी कचेरी) हिरवळीवर आईंसाठी घडीची खुर्ची टाका. फूटपाथवर गर्दीत उभं राहण्यापेक्षा तिथून बरं दिसतं. रस्ता विटांचा आहे, गुडघेदुखीला त्रासाचा, तेव्हा चप्पल नको, बूट. आणि जुलै-ऑगस्ट असेल तर चारच्या फेरीचा विचारही करू नका, ऊन भाजून काढतं.

मिरचीकांदा
टोपी घेतली की एखादं खोंड सोबत देतात का? बाबा खुश होतील :)

निशिगंधा_पुणे
मी थोडं वेगळं मत मांडते. मागच्या वर्षी गेले होते आणि मन लागलं नाही. आर्मरचा कारखाना १९६२ ला बंद झाला, स्विफ्टचा १९७१ ला. म्हणजे धंदा गेला तो गेलाच. ज्या तबेल्यांत खेचरं बांधत तिथे आता महागडी उपाहारगृहं आणि दुकानं आहेत. रस्त्यावरून पंधरा-वीस गुरं फिरवायची आणि त्याला वारसा म्हणायचं हे मला पटत नाही. ज्या माणसाने खरा बाजार बघितलाय त्याला हे नाटक वाटेल, उलट वाईट वाटेल. आजही चालू असलेला गावाकडचा एखादा गुरांचा लिलाव शोधून बाबांना तिथे न्यावं असं मी म्हणेन.

शमीवृक्ष
निशिगंधाताई, तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. लिलावाला नेण्याची सूचना उत्तम आहे, दोन्ही करता येईल. पण त्या रोजच्या फेरीला नुसतं नाटक म्हणणं त्या माणसांवर अन्याय आहे. १९९९ मध्ये, गावाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, शहराने हा कळप सुरू केला. घोड्यावरची ती माणसं पगारी नोकर आहेत, जनावरांची रोजची निगा तीच राखतात, पोशाख जुन्या काळाबरहुकूम असतो. एकदा फेरीनंतर त्यांच्यातल्या एका बाईंशी बोलत उभा राहिलो. प्रत्येक बैलाचं नाव, वय, खोड, कोण कोणाशेजारी चालत नाही, सगळं तोंडपाठ.

आणि बंद पडल्याचं म्हणाल तर ते का पडलं हेही बघण्यासारखं आहे. रस्ते झाले, ट्रक आले. रँचच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या रानांच्या, जवळच लिलाव व्हायला लागले, मग शेकडो मैलांवरून गुरं रेल्वेने इथे आणणार कोण? कारखाने जुने झालेले, चालवणं परवडेना. आपल्याकडे गिरणगावात जे झालं त्याच्याशी हे ताडून बघा. गिरण्या गेल्या, वर टॉवर आले. इथे निदान कोंडवाडे, तबेले, एक्स्चेंजची इमारत उभी आहे. १९७६ मध्ये ऐतिहासिक परिसर म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, तिचा उपयोग झाला.

निशिगंधा_पुणे
गिरणगावाचं पटलं. तिथे तर चिमणीशिवाय काही राहिलं नाही. कोंडवाडे मी बघितलेच नव्हते, कुठे आहेत?

शमीवृक्ष
एक्स्चेंज इमारतीच्या मागे. बहुतेक लोक पुढच्या रस्त्यावरूनच परततात. मागे लाकडी कुंपणांच्या चौकोनांमागून चौकोन, खाली विटांची फरसबंदी. ती तासभर बघावी.

पाटगावकर
इकडं जरा गुरं हाकण्याबद्दल लिहितो, कारण आमच्या घरात हा विषय जुना. माझे आजोबा मेंढरं घेऊन आठ महिने फिरायचे. चिझम ट्रेलबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, अरे हे तर आपलंच बिऱ्हाड.

अडीच-तीन हजार गुरं, माणसं दहा-बारा. पुढे वाट धरणारे दोन जाणते गडी, बाजूला फाकणारी गुरं आत ढकलणारे, आणि शेवटाला नवखे पोरगे. त्यांच्या वाट्याला सगळी धूळ आणि लंगडी-आजारी गुरं. दिवसाला दहा-पंधरा मैल, त्याहून जास्त हाकलं तर जनावर वाळतं आणि बाजारात किंमत येत नाही. वाटेत चरत चरत नेलं तर उलट अंग धरतं. स्वयंपाकाची गाडी पुढे. तो आचारी रात्री गाडीचा दांडा ध्रुवाकडे करून ठेवायचा, सकाळी उत्तर कुठली ते कळावं म्हणून. रात्री दोघं दोघं कळपाभोवती घोड्यावरून फेऱ्या घालत आणि हळू आवाजात गात. कारण अंधारात एकदम काही खुट्ट झालं की तीन हजार गुरं उठून उधळतात. माणसाचा आवाज सतत कानावर असला की बुजत नाहीत.

हे शेवटचं वाचून मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "मग? मेंढरं बसली की तुझा आजा ओव्या म्हणायचा, त्या काय देवासाठी का?"

रानवारा
पाटगावकर, अंगावर काटा आला.

चंद्रभागा
आजींचं वाक्य वहीत उतरवून घेतलंय.

मंजिरी_एच
अजून एक. तिथे गेलात तर कोलिझियमबाहेरचा (रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धा, होतात ती इमारत) कृष्णवर्णीय काउबॉय बिल पिकेटचा पुतळा चुकवू नका. सिनेमांमुळे काउबॉय म्हटलं की गोरा माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात त्या वाटांवर चारातला एक तरी कृष्णवर्णीय असावा असा अंदाज मांडतात. अनेक जण नुकतेच गुलामीतून सुटलेले. मेक्सिकन वाकेरो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, तर सगळ्यांचे गुरू. रोडिओ, लॅरिएट (फासाचा दोर), चॅप्स (पायांवरचं चामडी आवरण), बकरू (काउबॉय) हे शब्द स्पॅनिशमधूनच आले. दोर, खोगीर आणि डाग द्यायची पद्धतही त्यांचीच.

पिकेट १८७० च्या सुमारास टेक्ससमध्ये जन्मला. धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घ्यायची, मान पिळायची आणि त्याच्या ओठाला चावून त्याला खाली पाडायचं ही त्याची करामत. आज रोडिओत बैल लोळवण्याची जी स्पर्धा असते ती त्याच्यापासून आली, चावणं मात्र गेलं. काही ठिकाणी कृष्णवर्णीयांना भाग घ्यायला बंदी होती, तिथे त्याला वेगळ्या वंशाचा म्हणून उभं करत. मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याला रोडिओच्या मानकऱ्यांत जागा मिळाली. मुलांना पुतळ्यापाशी उभं करून हे सांगा.

ज्याच्या नावाची वाट, त्या जेसी चिझमची आई चेरोकी. तो व्यापारी होता, त्याच्या बैलगाड्यांच्या चाकोरीवरून पुढे गुरं गेली. त्याने स्वतः त्या वाटेने गुरं नेलीच नाहीत, १८६८ मध्ये वारलाही.

सुहास_जोगळेकरवाडी
बैल लोळवणं, बैलावर बसणं हे सगळं क्रूर नाही का? आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवर एवढं वादळ उठलं, कोर्टापर्यंत गेलं, २०२३ मध्ये परवानगी कायम झाली तरी वाद आहेच. आणि तिकडे तिकीट काढून टाळ्या वाजवायच्या?

गोठेकर_डॉ
मी जनावरांचा डॉक्टर आहे. बैलाच्या मागच्या अंगाला जो पट्टा बांधतात त्याने तो लाथा झाडतो, आठ सेकंदांनी सोडतात. हे मला व्यक्तिशः आवडत नाही. वासरू दोर टाकून पाडण्याची स्पर्धा तर बिलकुल नाही. ज्यांना नको त्यांनी रोडिओ टाळून बाकी सगळं बघावं, काही बिघडत नाही. तिथे नाहीतरी तो बहुतेक शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी असतो.

पण या धाग्यावर मला मुळात दुसरंच सांगायचंय आणि कृष्णाकाठच्या ताईंचं नाव वाचून तर राहवलं नाही. टेक्ससच्या उष्ण भागात युरोपी गाय तग धरत नव्हती. ऊन आणि गोचीड. गोचीडताप एवढा की टेक्ससची गुरं आली की कॅन्सासचे शेतकरी बंदुका घेऊन वाट अडवत, कारण टेक्ससच्या लांब शिंगांच्या लाँगहॉर्न गाईला स्वतःला काही होत नसे पण तिच्या अंगावरच्या गोचिडांनी त्यांच्या गाई मरत. त्यावर उपाय म्हणून भारतातले वळू नेले गेले. १९०६ मध्ये टेक्ससच्या पियर्स रँचने थेट भारतातून जनावरं आणवली. त्यातून पुढे घडलेल्या जातीला ते ब्राह्मन म्हणतात. तिच्या मुळाशी चार जाती मानतात : गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा व्हॅली.

ही चौथी म्हणजे आपली कृष्णाकाठची. सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांनी काळ्या चिकट रानात नांगर ओढेल असा दांडगा बैल हवा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मुद्दाम घडवून घेतली. ट्रॅक्टर आले आणि ती मागे पडली. आज आपल्याकडे फार थोडी शुद्ध जनावरं उरलीत. मी माझ्या सगळ्या नोकरीत मोजून सहा बघितली.

कृष्णाकाठची
डॉक्टर, हे मला माहीतच नव्हतं! बाबांना आत्ता सांगत नाही. तिथे गेल्यावर बघू.

चंद्रभागा
खाण्याचं राहिलं. तिथे मेक्सिकन धाटणीचं खाणं सगळीकडे आहे. पण घोटलेल्या राजम्यात बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी असते आणि भाताला कोंबडीचं पाणी. "मांस नको" म्हणून भागत नाही, चरबी आहे का असं स्पष्ट विचारा. माळकऱ्यांसाठी मी तर धपाटे, दही आणि शेंगाचटणी घरूनच न्यायला सांगेन. हिरवळीवर बसून खाता येतं.

अभय_९
सार्वजनिक वाहनाने जमतं का? आमचे शेजारी विमानतळावरून थेट जाणार आहेत.

शमीवृक्ष
विमानतळावरून टेक्सरेल निघते, नॉर्थ साइड स्टेशनला उतरून पुढे टॅक्सी. डॅलसहून टीआरई गाडी आहे पण रविवारी धावत नाही हे लक्षात ठेवा.

सुहास_जोगळेकरवाडी
एक विचारतो, रागावू नका. ती पेठ शेवटी कत्तलखान्यांची होती. आपण तिथे सहल म्हणून जातो तेव्हा हे मनातून कसं काढता?

रानवारा
काढू नये असं मला वाटतं. मी शाकाहारी आहे. स्विफ्टच्या कारखान्याचे पडके भाग अजून उभे आहेत, ते लांबून बघितले आणि बराच वेळ बोलले नाही. पण त्या कारखान्यांत राबणारी माणसं कोण होती हेही तिथेच कळलं. पूर्व युरोपातून, ग्रीसमधून, मेक्सिकोतून आलेली, शेजारच्या नॉर्थ साइड वस्तीत राहणारी. कोंडवाड्यांना धरून नाइल्स सिटी नावाचं चिमुकलं स्वतंत्र गावच केलेलं, कंपन्यांना शहराचा कर भरावा लागू नये म्हणून. १९११ ते १९२३ असं ते टिकलं, मग शहराने सामावून घेतलं. जगातलं सगळ्यात श्रीमंत छोटं गाव म्हणत त्याला. ती श्रीमंती राबणाऱ्यांच्या घरात कितपत पोचली हा प्रश्न घेऊनच मी परतले.

पाटगावकर
शमीवृक्ष, एक शंका. तिथे भाव ठरायचा कसा? आपल्याकडे रुमालाखाली बोटं धरून व्हायचा तसं काही?

शमीवृक्ष
उघड बोलून, पण चार डोळ्यांतच. रँचवाला गुरं रेल्वेने पाठवायचा ती अडत्याच्या नावावर. अडत्यांच्या कचेऱ्या एक्स्चेंजच्या इमारतीत. तो आणि कारखान्याचा खरेदीदार कोंडवाड्यात, पुष्कळदा घोड्यावर बसूनच, कळप न्याहाळत आणि तोंडी सौदा करत. कागद नंतर. दिलेला शब्द फिरवला तर त्या आवारात त्याच्याशी दुसऱ्यांदा कोणी व्यवहार करत नसे. मग काट्यावर वजन. स्टॉकयार्ड कंपनी स्वतः खरेदी-विक्री करायची नाही, जागा, पाणी, चारा यांचे पैसे घ्यायची. आपल्या बाजार समितीसारखंच जवळजवळ.

कृष्णाकाठची
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. परवा शुक्रवारी जाऊन आलो, सविस्तर लिहिते.

अकराला पोचलो, आईला हिरवळीवर बसवलं. गुरं आली तेव्हा लोक फोन वर करून उभे, बाबा मात्र खाली वाकून बघत होते. मी विचारलं काय बघताय? म्हणाले, "खूर. विटंवर चालून झिजत्यात का बघतुय." मग शिंगं. एका बैलाची शिंगं टोकापासून टोकापर्यंत सहा फुटांच्या पुढे असतील. बाबा म्हणाले, असल्या शिंगाचा बैल जू कसा घेणार, जोडीदाराचा डोळा फुटंल. निशिगंधाताई, त्यांना ते नाटक वाटलं नाही. घोड्यावरचा एक जण ज्या बेताने मागून येत होता, गुरांना घाई करत नव्हता, ते त्यांनी तीनदा बोलून दाखवलं.

फेरीनंतर त्यालाच भेटलो. मी मधे भाषांतर करत होते, पण पाच मिनिटांत माझी गरज उरली नाही. बाबांनी तोंड उघडून दाखवायची खूण केली आणि त्याला कळलं की दातांवरून वय विचारताहेत. त्याने बोटं दाखवली. बाबांनी मान हलवून एक बोट वाढवलं. तो हसला आणि म्हणाला, यांचं बरोबर आहे, परवाच एक वर्षाने मोठा झाला.

मागचे कोंडवाडे बघायला दोन तास लागले. बाबांनी फाटकांच्या बिजागऱ्या हलवून बघितल्या, पाण्याचे हौद बघितले, विटांना उतार कुठल्या बाजूला दिलाय ते बघितलं. "पावसात चिखल हुत नसणार, आपल्या बाजारात गुडघाभर." रुमालाची पद्धत आईने मला तिथेच करून दाखवली. मला वाटायचं ते फक्त बाबांना येतं. आईचे वडील हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, होते हे मला चाळिसाव्या वर्षी फोर्ट वर्थमध्ये कळलं.

रोडिओबद्दल सुहासजींचं वाचून बाबांनाच विचारलं, ते म्हणाले एकदा बघू. कोलिझियम १९०८ चं, आत बसल्यावर जुन्या थिएटरसारखं वाटतं. तो पट्टा बाबांना नाही आवडला, तसं म्हणाले. वासराच्या वेळी आई बाहेर जाऊन उभी राहिली. पण बैलावर बसण्याची पाळी आली आणि फाटकातून पहिला बैल सुटला तेव्हा बाबा उठून उभे राहिले. करडा, गळ्याखाली लोंबती पोळी, आणि पाठीवर वशिंड. मी डॉक्टरांचं काही सांगितलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाले, "अगं, हे आपल्याकडलं हाय. ह्यो हितं कसा?"

घरी येईपर्यंत गाडीत मी त्यांना सगळं सांगत होते. १९०६, गोचीडताप, सांगलीचे संस्थानिक. त्यांच्या आज्याकडे कृष्णाकाठची एक जोडी होती म्हणे, ऊस ओढायला. त्यांची नावं पण सांगितली, माणक्या आणि सरदार.

गोठेकर_डॉ
ताई, बाबांना आणखी विचारून घ्या. त्या जोडीचा रंग, उंची, कोणाकडून घेतली होती, शेवटी कुठे गेली. आणि मला कळवा. आमच्याकडे ही माहिती सांगणारं कोणी राहिलेलं नाही.

कृष्णाकाठची
विचारते. ते आत्ता बाल्कनीत गावाकडच्या चुलत्यांशी फोनवर हेच बोलताहेत, झालं की लगेच.